हरिणीची खोली आणि तिच्या नावाचं पारितोषिक यांविषयी

मी, कनकाबाई, कै. कृष्णस्वामी राव यांची पत्नी, वय बासष्ट, एग्मोर येथील सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त, राहणार पश्चिम तांबरम, चेन्नई, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी भुलवलेलं नाही, दरडावलेलं नाही, आणि सकाळची कॉफी सोडली तर कशाचा अंमलही नाही. डॉक्टरांनी तपासून ‘सावध’ असा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला हल्ली काही वाटत नाही, हेही दाखल्यात घाला असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, कायद्याला त्याची गरज नसते. म्हणून ते मीच इथे लिहिते. मला हल्ली काही वाटत नाही. जेवण जातं, झोप लागते, पेन्शन जमा होते.

माझे वकील श्री. मधुसूदन यांचं म्हणणं होतं की हा कागद इंग्रजीत करावा, निदान तमिळमध्ये तरी. ते आमच्यातलेच, तंजावरच्या मराठी लोकांतले, पण मराठी वाचायची म्हटलं की त्यांना घाम फुटतो. मी ऐकलं नाही. जन्मभर ऑफिसात इंग्रजी मसुदे लिहिले, तेवढे पुरेत. आमची बोलायची मराठी ऐकून पुण्याकडचा माणूस आधी चमकतो आणि मग हसतो, पण लिहायची मराठी मला वडिलांनी पाटीवर शिकवली आहे, ती चुकायची नाही. इंग्रजी भाषांतर मधुसूदन करून जोडतील. दोन्हींत फरक पडला तर माझं मराठी खरं धरावं.

कलम एक. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात एकच ओळ होती की सगळं हरिणीला. ती ओळ आता चालणार नाही.

कलम दोन. हरिणी ही माझी एकुलती एक मुलगी. तांबरमच्या पलीकडच्या एका संशोधन संस्थेत ती सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होती. मागल्या ऐप्पसी महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात, डेंगीच्या तापाने ती गेली. वय सत्तावीस.

दुखवट्याला आलेल्या मंडळींत एक वाक्य फिरत होतं. “दिवसभर जंतूंत हात घालून बसायची पोर, शेवटी जंतूंनींच नेलें.” हे चूक आहे आणि ते चूक म्हणून नोंदवलं जावं असं मला वाटतं. डेंगी हा विषाणू आहे, तो डासातून येतो. हरिणी ज्यांच्यावर काम करत होती ते दह्यातले जीवाणू, तुमच्याआमच्या ताकात असतात तेच. त्यांनी आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. ती असती तर तिने हे हातातलं काम टाकून समजावून सांगितलं असतं. ती नाही, म्हणून मला पाठ करावं लागलं.

कलम तीन. मी राहते तो तळमजल्यावरचा फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला आहे. कर्ज माझ्या नावावर होतं, फेडलं मी. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. हे एवढ्यासाठी लिहिते की माझ्या वन्सं राजसबाई, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, यांचा मुलगा श्रीहरी याने तेराव्याची जेवणं आटोपल्यावर हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकून मोजला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. नंतर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “मामी, एकटीनं इथें कशाला राहतेस? हें विकून टाकूं. आमच्याकडे ये.” मुलगा वाईट नाही. त्याला घाई असते इतकंच. त्याला या फ्लॅटमधलं काही मिळणार नाही. त्याच्या मामांचं घड्याळ आणि त्यांच्या बुद्धिबळाचा पट मात्र त्याचा. लहानपणी तो त्यांच्याशी खेळायचा आणि हरला की सोंगट्या फेकायचा.

कलम चार. फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि माझे दागिने या सगळ्याचा मिळून एक न्यास करावा. दागिने विकावेत. कुणाला आठवण म्हणून एखादी बांगडी वगैरे देत बसू नये. न्यासाचा उद्देश कलम सहा आणि आठमध्ये आहे. व्यवस्था मधुसूदन पाहतील.

आमच्या इमारतीच्या असोसिएशनकडे माझी अनामत आहे, तिचा वेगळा विचार केला आहे. बाहेरच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. हरिणीच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवरून ये-जा करते, रंजनी तिचं नाव, पुढे ते येईलच. ती घरी यायची म्हणून हरिणीने असोसिएशनचे सेक्रेटरी श्री. रघु यांच्याकडे उताराचा अर्ज केला होता. “एका पाहुणीसाठी इमारतीची शोभा घालवायची का?” असं त्यांनी विचारलं होतं. हरिणी त्यांच्याशी भांडली नाही. सुताराकडून एक फळी आणली, रंजनी आली की टाकायची, गेली की उचलायची. त्या अनामतीतून सिमेंटचा उतार बांधून घ्यावा. श्री. रघु यांचेही गुडघे दुखतात, त्यांनी तो खुशाल वापरावा.

कलम पाच. माझा दोन दारांचा फ्रिज राजसबाई यांना द्यावा, आतून धुऊन पुसून.

याचं कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर लोक त्याला प्रेम समजतील. हरिणीचा अभ्यास जुन्या घरांतल्या विरजणावर होता. आमच्या लोकांत मुलगी सासरी निघाली की माहेरचं विरजण बरोबर नेते, माझ्या आईने नेलं, मी आणलं. कुंभकोणम, तंजावर, मन्नारगुडी इथल्या घरोघरी जाऊन हरिणीने अशी विरजणं जमवली होती. म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकून, मग हळूच चमचाभर दही मागायचं, असं तिचं शास्त्र. त्यातला एकेक जीवाणू निवडून तिने छोट्या नळ्यांत ठेवला होता. त्या ऐप्पसीत संस्थेत पाणी शिरलं आणि वीज गेली. नळ्या तापतील म्हणून तिने त्यांचा डबा घरी आणून आमच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला.

ती गेल्यावर दहाव्याला घराची शुद्धी करायला राजसबाई आल्या. सुतकाच्या घरातलं जुनं अन्न ठेवत नाहीत, लोणच्यापासून पिठापर्यंत सगळं काढून टाकतात, आणि या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मी आत पडून होते. उठून बाहेर आले तेव्हा फ्रिज उघडा होता आणि लखलखत होता. 

“अस्कं काढून टाकलें बघ,” त्या म्हणाल्या. “दहीं, पीठ, आणखी कसल्या त्या नळ्या होत्या, त्यापण. कढत पाणी ओतलें वरून. आतां घर शुद्ध झालें.”

मी फ्रिजचं दार लावलं. त्याच आठवड्यात रंजनी तो डबा न्यायला आली. फळी टाकायला कोणी नव्हतं, म्हणून ती दाराबाहेर खुर्चीतच थांबली, आणि मी पायरीवर उभी राहून तिला सांगितलं. तिने विचारलं, “काकू, डबा तरी आहे का? नुसता?” डबाही नव्हता. तिने मान हलवली आणि परत गेली.

राजसबाईंनी जे केलं ते त्यांच्या समजुतीने माझ्या भल्यासाठी केलं, हे मला कळतं. कळलं म्हणून राग गेला असं नाही. मधुसूदन यांनी विचारलं की फ्रिज देणं हे सूड म्हणून लिहायचं की भेट म्हणून. मी म्हटलं, तसा रकाना कायद्यात नाही, नुसता फ्रिज लिहा.

कलम सहा. हा या कागदाचा मुख्य भाग आहे. न्यासाच्या उत्पन्नातून दरवर्षी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला ‘हरिणी पारितोषिक’ द्यावं. ते अशा विद्यार्थ्याला द्यावं, ज्याने स्वतःचं काम करता करता दुसऱ्या कुणाला तरी त्या विषयात टिकून राहायला मदत केली. मग जिला मदत केली ती बाई असो, खेड्यातून आलेली असो, तमिळ माध्यमात शिकलेली असो, चालता न येणारी असो, कुठल्याही जातीची असो. पारितोषिक घेणारा मुलगा असला तरी चालेल, पण त्याने नेमकं काय केलं ते त्याने नव्हे, ज्याच्यासाठी केलं त्याने सांगावं.

गुण, क्रमांक, सुवर्णपदक यांची अट नाही. ही अट नसावी यावरून माझं आणि हरिणीचे मार्गदर्शक प्राध्यापक शेषगिरी यांचं वाजलं, ते इथे सांगते.

शेषगिरी हे विद्वान आहेत आणि देवभक्त आहेत. कपाळावर विभूती, खिशात देवळातल्या प्रसादाची फुलं, अशा थाटात ते प्रयोगशाळेत येतात. त्यांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता, कुठेही न लिहिलेला. महिन्याच्या त्या तीन दिवसांत मुलींनी मूळ जीवाणू ठेवलेल्या खोलीत जायचं नाही. “ही अंधश्रद्धा नव्हे, खबरदारी आहे,” असं ते म्हणत, कारण कधीतरी काहीतरी नासलं होतं. मुलींनी त्या दिवसांत एखाद्या मुलाला सांगायचं की बाबा रे, आज माझं काम तू कर. म्हणजे सगळ्या प्रयोगशाळेला कळणार. काही मुली त्यापेक्षा घरीच राहायच्या, आणि प्रयोग मधेच तुटायचे.

हरिणीने नियमाविरुद्ध अर्ज केला नाही. महिनाभर तिने प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या तळहातांचे ठसे घेतले. जंतू वाढवायच्या त्या काचेच्या थाळ्या असतात, त्यांच्यावर रोज प्रत्येकाने हात टेकवायचा, मुलगे, मुली, स्वतः प्राध्यापकसुद्धा. थाळ्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे. महिन्याच्या शेवटी तिने त्या शेषगिरींच्या पुढ्यात मांडल्या आणि म्हणाली, सर, यातल्या अशुद्ध कोणत्या ते तुम्हीच निवडा. त्यांनी चष्मा लावून निवडल्या. बुरशीने भरलेल्या थाळ्या एका बाजूला काढल्या. मग तिने आकड्यांची नावं वाचली. त्यातल्या बहुतेक सरांच्याच होत्या. खिशातल्या फुलांची बुरशी.

त्या रात्री जेवताना हे सांगताना तिला इतकं हसू येत होतं की भाताचा घास घशात अडकला. मीही हसले. पण आमच्या घरी तोच नियम होता, आणि तो माझाच होता. त्या तीन दिवसांत तिचं ताट मी मागल्या व्हरांड्यात मांडायची. माझ्या आईने माझं मांडलं, मी तिचं. तिने त्यावर कधी वाद घातला नव्हता. त्या महिन्यात मात्र त्याच तीन दिवसांत तिने चार वाट्यांत दही लावलं, दोन तिने, दोन माझ्याकडून लावून घेतली, आणि सकाळी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “अम्मा, सांग पाहूं, कोणतें माझें?” मी चारही चाखली आणि सगळ्यात चांगलं ते माझं म्हणून पुढे सरकवलं. ते तिचं निघालं. ती हसली नाही, वाट्या घेऊन धुवायला गेली. पुढच्या महिन्यात तिचं ताट मी आत, माझ्या शेजारी मांडलं. आमच्यात यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

शेषगिरींचा नियम त्यानंतर आपोआप बंद पडला. पण हरिणीच्या त्या वर्षाच्या प्रगतीच्या अहवालात त्यांनी शेरा लिहिला: ‘प्रगती साधारण. विषयाबाहेरच्या गोष्टींत वेळ घालवते.’ पुढच्या वर्षीही तोच शेरा आला. तेव्हाची विषयाबाहेरची गोष्ट म्हणजे रंजनी. रंजनीचे वडील महाराष्ट्रातून बदली होऊन चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात आले, तिथेच राहिले. मुलगी हुशार, पण प्रयोगशाळेतले ओटे उभ्या माणसाच्या उंचीचे, आणि निर्जंतुक काम जिच्यात करतात ती काचेची पेटी त्याहून वर. खुर्चीत बसून हात पोचायचा नाही. प्राध्यापकांनी सुचवलं की तिने आकडेमोडीचं काम घ्यावं, घरून. “तिच्याच सोयीसाठी म्हणतो.” हरिणीने सुतार आणला, तोच फळीवाला, आणि एका सुट्टीत एक ओटा कापून खाली घेतला, पेटी त्यावर बसवली. विचारलं कुणालाच नाही. सोमवारी रंजनी येऊन त्या ओट्याशी बसली. मग तो पुन्हा वर करा म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही.

तर हे शेषगिरी यंदा पोंगलनंतर मला भेटायला घरी आले. मी पारितोषिक ठेवणार हे त्यांना कळलं होतं. बरोबर छापील मसुदा होता. त्यात लिहिलं होतं, ‘सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या उत्कृष्ट विद्यार्थिनीस’. वर हरिणीचा हार घातलेला फोटो असणार होता.

मी विचारलं, “सर, हरिणी उत्कृष्ट होती का?”

ते अवघडले. “होती की, अम्मा. फार चांगली मुलगी.”

“अहवालात साधारण लिहिलंय. दोनदा.”

कॉफीवर साय धरली.

“म्हणजे तुमच्या नियमानं हरिणीचं पारितोषिक हरिणीलाच मिळालं नसतं,” मी म्हटलं.

ते म्हणाले की शेरा लिहिताना ते रागावले होते. मी म्हटलं, असाल. त्यांनी मसुदा घडी करून खिशात ठेवला. जाताना दाराशी थांबून त्यांनी डोळे पुसले. मला त्यांच्याबद्दल दया यायला हवी होती, ती आली नाही, आणि रागही आला नाही. मी कपबशी विसळायला गेले.

कलम सात. निवडीसाठी तीन जणांची समिती असावी. एक सूक्ष्मजीवशास्त्रातली बाई, एक पूर्वी पारितोषिक मिळालेला विद्यार्थी, आणि एक असा माणूस ज्याला या विषयातलं काही कळत नाही, म्हणजे सगळ्यांना सोपं बोलावं लागेल. प्रा. शेषगिरी यांना घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यांनी फुलं बाहेर ठेवून यावं.

आमच्या समाजाच्या सभेने निरोप पाठवला होता की पारितोषिक तंजावर मराठी मुलींपुरतं ठेवावं, बाहेरच्यांना देणारे पुष्कळ आहेत. निरोपाला उत्तर दिलेलं नाही. हेच उत्तर समजावं.

समारंभात शाल नको, नारळ नको, कुणी हरिणीला ‘दुर्दैवी’ म्हणू नये. फोटो लावायचाच तर प्रयोगशाळेतला लावावा, ज्यात तिने केसांना पेन खोचलं आहे. माझे अंत्यसंस्कार विजेच्या दाहिनीत व्हावेत. दहावं, तेरावं करायचं असेल तर करा, मी अडवायला नसेन.

कलम आठ. माझ्या मृत्यूनंतर या फ्लॅटमधली हरिणीची खोली, म्हणजे दारातून आल्यावर डावीकडची, पारितोषिक मिळालेल्या विद्यार्थ्याला अभ्यास संपेपर्यंत विनामूल्य राहायला द्यावी. ज्याला खोलीची सर्वांत जास्त गरज असेल त्याचा विचार आधी व्हावा.

इथपर्यंतचा मजकूर तयार झाला, आणि मागल्या रविवारी मधुसूदन तो शेवटचा वाचून बघायला आले. योगायोगाने त्याच दुपारी रंजनीही आली होती, हरिणीचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट घेऊन. धुऊन, इस्त्री करून आणला होता. फळी मधुसूदन यांनी टाकली.

रंजनीचं काय चाललं आहे ते मला तेव्हाच नीट कळलं. ती हरिणीचंच काम पुढे नेते आहे. त्या सगळ्या घरांना तिने पुन्हा पत्रं घातली, काहींनी पुन्हा विरजण पाठवलं. तिची दोन वर्षं उरली आहेत. पण वसतिगृहात तळमजल्यावर खोली नाही, म्हणून ती रोज आवडीहून येते. वडील तिला खुर्चीसकट लोकल गाडीत चढवतात, मध्ये शहरात उतरून रस्ता ओलांडून दुसरी गाडी, तिथे जे कोणी भेटतील ते उचलतात, मग तांबरम, मग ऑटो. जीवाणूंना वेळेवर बघावं लागतं, रात्री उशिरा, पहाटे. ते तिला जमत नाही. वडील निवृत्त होतायत, त्यांनाही आता उचलणं झेपत नाही. “या वर्षी नाही जमलं तर सोडेन,” ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, बसचा नंबर सांगावा तशी.

मधुसूदन सोफ्यावर बसून अडखळत अडखळत कलमं वाचत होते, मराठीची परीक्षाच होती त्यांची. कलम आठ त्यांनी मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, “हें बरोबर आहे. पक्कें आहे.”

रंजनी कॉफी पीत होती. तिने पेला खाली ठेवला.

“काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“खोली तुम्ही गेल्यावर मिळणार. मला दोन वर्षांत संपवायचंय. मग मी रोज देवापुढे काय मागू?”

मधुसूदन यांचा कागद हातातच राहिला. “अगं, असें बोलतात का?” ते पुटपुटले. पण ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता, तरी तिने नजर काढली नाही.

मला आधी हसू आलं. मग रडू आलं, आणि ते थांबेना. ऐप्पसीपासून मी रडले नव्हते. लोकांनी मला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला होता, गळ्यात पडून, फोटो दाखवून. ते जमलं नव्हतं. रंजनी खुर्ची पुढे घेऊन माझ्या शेजारी येऊन थांबली. मधुसूदन आत जाऊन पाणी घेऊन आले आणि कुठला पेला घेतला तेही त्यांना कळलं नाही, देवाचा आणला.

मला लाज वाटली. मी सगळी मांडणी माझ्या मरणानंतरची केली होती, कारण त्या आधीचं मला काही दिसतच नव्हतं. कोण जगतंय, कुणाला खोली आज हवी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हरिणीच्या खोलीत मी महिन्यातून एकदा जाते, डांबराच्या गोळ्या बदलते आणि दार ओढून घेते.

मधुसूदन म्हणतात की जिवंतपणी द्यायच्या गोष्टी मृत्युपत्रात लिहीत नाहीत, त्याला वेगळा कागद लागतो. लागू दे. तो करा, हा राहू दे. यंदाचं पारितोषिक मी माझ्या हयातीत, माझ्या पसंतीने रंजनीला देत आहे. समिती पुढच्या वर्षीपासून बसेल. खालच्या वर्गातल्या मुलींना हरिणी दर शनिवारी शिकवायची, ते रंजनीने तिच्यानंतरही बंद पडू दिलेलं नाही, हे त्या मुलींनीच मला फोनवर सांगितलं आहे, त्यामुळे अट पूर्ण होते. खोली आडी महिना लागायच्या आत, म्हणजे जुलैच्या मध्याआधी, रिकामी करीन. कपाट मीच उघडणार आहे, त्या कामाला वन्संना बोलावणार नाही.

हरिणीची जागा कुणाला देते आहे असं कुणी समजू नये. रंजनी मला काकू म्हणते, तेच म्हणेल. ती रात्री दिवा लावून वाचत बसेल तेव्हा मला त्रास होईल, हे मला माहीत आहे. मी तो सोसीन.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे असं समजून खालील दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे. त्यांनी माझ्या समक्ष सह्या केल्या आहेत. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. रंजनीने साक्ष द्यायची तयारी दाखवली होती, वकिलांनी तिला बाजूला बसवलं.

(सही) कनकाबाई

साक्षीदार: (सही) बालाजीराव, निवृत्त रेल्वे कर्मचारी, पहिला मजला
साक्षीदार: (सही) हरिप्रिया, शिक्षिका, समोरचा फ्लॅट

ठिकाण: तांबरम, चेन्नई
दिनांक: रविवार, १५ जून २०२५

दुरुस्तीची नोंद: कलम आठमधील पहिले दोन शब्द, ‘माझ्या मृत्यूनंतर’, मी स्वतः खोडले आहेत.
(सही) कनकाबाई